कुत्र्यासोबत कोकणातला डोंगर, माघ ते चैत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची ठकी गावठी, अठरा किलोची, वाळक्या गवताच्या रंगाची. आम्ही खेड तालुक्यात राहतो. गेली सात वर्षं थंडी सरली की तिला घेऊन मी आसपासचे डोंगर चढते. ओळखीचे आणि अनोळखी लोक फोन करून तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे. मी पशुवैद्य नाही. इथे आहे ते डॉक्टरांनी शिकवलेलं, वाडीतल्या लोकांनी सांगितलेलं आणि एकदा फार वाईट पद्धतीने कळलेलं.

वसंतात जायचं म्हणजे नेमकं कधी?

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा. पण कोकणात पळस, पांगारा आणि काटेसावर माघातच फुलायला लागतात, आणि वैशाखात आपणच घराबाहेर पडत नाही. कुत्र्यासाठी फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा सगळ्यात चांगला. पूर्ण फेब्रुवारी चालून जातो. मार्च दिवस पाहून. एप्रिलमध्ये मी ठकीला डोंगरावर नेत नाही, पहाटेही नाही.

मार्चमधला दिवस पाहायचा म्हणजे वारा पाहायचा. एरवी दुपारच्या आधी समुद्रावरून खारे वारे सुटतात आणि किनारपट्टीचा पारा आवरून धरतात. पूर्वेचे कोरडे वारे जोरात असले की खारे वारे उशिरा येतात, आणि सकाळी दहा-अकरालाच भट्टी पेटते. फेब्रुवारी २०२५ मध्ये हवामान खात्याने कोकणाला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता, म्हणजे महिना बघून गाफील राहता येत नाही. आदल्या संध्याकाळी अंदाज बघा. इशारा असेल तर बेत रद्द करा.

किती वाजता निघायचं आणि कधी परतायचं?

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

फटफटलं की पायथ्याशी चालायला लागायचं आणि साडेदहाच्या आत खाली, झाडाच्या सावलीत यायचं. परत फिरायची वेळ घरून निघतानाच ठरवायची. माझी नऊची आहे. नऊ वाजले की जिथे असू तिथून मागे, मग माथा दहा मिनिटांवर असला तरी.

एवढी कडक वेळ का, तर कुत्रा स्वतः थांबत नाही. आपण पुढे चालतो म्हणून तो चालतो. दमला, तापला, पाय पोळले तरी शेपूट हलवत मागे येतो आणि अगदी शेवटीच बसतो. त्याला घाम जवळजवळ येत नाही. तळव्यांना येतो तो नावापुरता. अंगातली उष्णता बाहेर टाकायचा त्याचा खरा मार्ग म्हणजे धापा टाकणं. जीभ आणि श्वासमार्ग यांवरचं पाणी सुकतं, तसं अंग निवतं. देशावरच्या कोरड्या हवेत हे बरं चालतं. कोकणातल्या दमट हवेत पाणी सुकतच नाही. त्यामुळे ३२ अंशांचा दमट दिवस कुत्र्याला जितका जड जातो, तितका आपल्याला जाणवतही नाही. आपल्याला घाम येतो, वारा लागला की बरं वाटतं. त्याच्या अंगावर तर बारा महिने लोकर.

अंधारात मात्र निघू नका. पहाटे अंधाराची आणि तिन्हीसांजेची वेळ बिबट्याची.

ऊन लागलं आहे हे कसं ओळखायचं? लागलं तर काय करायचं?

चार वर्षांपूर्वी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी ठकीला घेऊन रसाळगडावर गेले. आठला वर पोहोचलो. हवा छान होती, म्हणून सुमारगडाच्या दिशेने धारेवरून बरंच पुढे गेले. परतताना सव्वाअकरा झाले. उघड्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या कातळपठारावर, ठकी दोनदा करवंदीच्या जाळीखाली शिरून बसली. मला वाटलं, तिला काहीतरी वास आला असेल. मी हाक मारली आणि ती आली. तिसऱ्यांदा बसली ती उठलीच नाही. जीभ पसरट होऊन एका बाजूला लोंबत होती, लाळ चिकट दोरीसारखी, हिरड्या लालभडक. उभं केलं तर मागचे पाय वाकडे पडत होते.

माझ्याकडे अर्धा लिटर पाणी उरलं होतं. ते तिच्या पोटावर ओतलं, तिला खांद्यावर घेतलं आणि वाडीपर्यंत आणलं. पहिल्याच घरातल्या आजी पडवीतून ओरडल्या, "अगो बाय, मुक्या जीवाला या उन्हात कशाला आणलंस गो?" आणि बोलता बोलताच हंडा घेऊन बाहेर आल्या. आजींनी आणि त्यांच्या सुनेने विहिरीचे तीन हंडे तिच्यावर ओतले, मी सुपाने वारा घालत बसले. त्या दिवशी ठकी वाचली ती त्या पाण्यामुळे. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, आधी अंग निववलंत आणि मग गाडीत घातलंत, हे बरोबर केलंत.

तर लक्षणं ही: न थांबणारी मोठ्याने धाप, पसरट जीभ, चिकट लाळ, लाल हिरड्या, सावली बघून बसणं, लडखडणं, उलटी. पहिल्यांदा सावलीत बसला तीच सूचना धरा. तिथेच थांबा.

करायचं ते असं. सावलीत न्या. मिळेल ते गार पाणी पोट, जांघा, काखा, पाय, मान यांवर सतत ओता आणि वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका. थोड्या वेळात तो गरम होतो आणि उष्णता आत कोंडून धरतो. पाणी पुढे ठेवा, चाटेल तेवढं चाटू दे, तोंडात ओतू नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०४ च्या पुढे धोका सुरू होतो. थर्मामीटर जवळ असेल तर १०३ पर्यंत उतरल्यावर पाणी ओतणं थांबवा. आणि उठून चालायला लागला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मूत्रपिंड, यकृत आणि रक्त गोठण्याची क्रिया यांना झालेली इजा कधी कधी एक-दोन दिवसांनी दिसते. ठकीला तीन दिवस सलाईन लागलं.

नवख्या कुत्र्यासाठी कुठला डोंगर निवडावा?

सावली जास्त, चढ बेताचा आणि पायथ्याला वस्ती असलेला. अलिबागजवळचा कनकेश्वर पहिल्या वेळेला उत्तम. मापगावातून दगडी पायऱ्या वर जातात, बराचसा रस्ता झाडीतून, आणि मध्येच परत फिरायचं म्हटलं तरी वाट चुकायचा प्रश्न नाही. पुढची पायरी म्हणजे सागरगड. खंडाळे गावातून सिद्धेश्वराच्या देवळावरून माचीवर, तिथून गडावर. पुरंदरच्या तहात १६६५ साली जे किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत खेडदुर्ग या नावाने येतो तो हाच. माथ्यावरून खाली समुद्र आणि समोर वानरटोक नावाचा सुळका. धोंडाण्याचा धबधबा मात्र या दिवसांत नसतो, फक्त काळा कातळ उरतो. माचीनंतर ऊन अंगावर येतं, म्हणून सागरगडाला उशिरा निघण्यात काही अर्थ नाही.

आमच्या भागातला रसाळगड कुत्र्यासाठी सोपा. रस्ता वाडीपर्यंत गेला आहे, तिथून अर्ध्या-पाऊण तासाची चढण. वर झोलाईचं देऊळ, पाण्याची टाकी, इतस्ततः पडलेल्या तोफा आणि लांबलचक पठार.

रसाळ, सुमार, महिपत अशी तिन्ही शिखरं एका दिवसात कुत्र्यासोबत होतील का?

नाही. माणसांनाही हा पल्ला साधारण दोन दिवसांचा आहे. आणि सुमारगडाचा शेवटचा टप्पा कातळाचा, हातांनी धरून चढायचा. कुत्र्याला पाठीवर बांधून तो चढलेले लोक मी पाहिले आहेत. उतरताना त्या कुत्र्याचे पाय थरथरत होते. असं करू नका. रसाळगड एका सकाळी, महिपतगड दुसऱ्या सकाळी, सुमार तुमचा एकट्याचा.

कुठे अजिबात नेऊ नये?

अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात. म्हणजे पनवेलजवळचं कर्नाळा, मुरूड-रोह्यामधलं फणसाड, आणि घाटमाथ्याच्या बाजूला चांदोली आणि कोयना मिळून झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. कर्नाळ्याचा किल्ला अभयारण्याच्या आत आहे हे बरेच जण विसरतात आणि फाटकावरून परत येतात. नियम योग्यच आहे. कुत्र्याच्या नुसत्या वासाने भेकरं आणि जमिनीवर अंडी घालणारे पक्षी जागा सोडतात, आणि डिस्टेंपरसारखे रोग आपल्या कुत्र्याकडून कोल्ह्या-कोळसुंद्यांना लागू शकतात. लस घेतलेला असला तरी.

आमचा अगदी ऐकतो हो. पट्टा सोडला तर चालेल का?

हे मला प्रत्येक जण विचारतो. नाही चालणार. ठकीही ऐकते, तरी डोंगरावर तिचा पट्टा माझ्या कमरेला असतो.

बिबट्याला कुत्रा हे सोपं भक्ष्य आहे, आणि कोकणात बिबट्या वस्तीला लागून असतो. रानडुकराच्या मागे गेलेला कुत्रा पोट फाडून घेऊन येतो. पण त्याहून नेहमीची कारणं वेगळी आहेत. या दिवसांत आंब्याला मोहर असतो, बागांतून कीटकनाशकाची फवारणी चालू असते. तिथलं गवत चाटलेला कुत्रा विषबाधेने जाऊ शकतो. काजूचीही वेळ असते. बोंड खाल्लं तर फार बिघडत नाही, पण कच्ची बी चावली तर सालातल्या तेलाने जीभ आणि ओठ भाजतात. आणि डोंगरावर चरणारी गुरं, शेळ्या असतात. कुत्रा खेळायला म्हणून धावला तरी गाभण शेळी कड्याकडे पळते. त्या शेळीवर कुणाचं तरी घर चालतं.

पट्टा साधा, पाच-सहा फुटांचा. आपोआप गुंडाळणारा नको, तो करवंदीत अडकतो. गळ्याऐवजी छातीला हार्नेस घाला. खडकावर पाय घसरला तर धरून उचलता येतं.

सापांचं काय?

आपल्या पट्ट्यात घोणस, नाग, मण्यार आहेतच, पण सड्यावर लक्षात ठेवायचं ते फुरसं. हातभर लांबीचं, मातीच्या रंगाचं, दिवसा दगडाखाली बसलेलं. डिवचलं की अंगाचे वेटोळे एकमेकांवर घासून करवतीसारखा खर्र आवाज करतं. माणूस तो आवाज ऐकून मागे सरतो. कुत्रा नाक पुढे करतो. म्हणूनच कुत्र्याला दंश बहुतेक थोबाडावर किंवा पुढच्या पायावर होतो.

दंश झाला तर त्याला चालवू नका. उचला, शांत ठेवा, गळपट्टा सैल करा कारण सूज चढते, आणि थेट पशुवैद्यांकडे. चिरा देणं, आवळून बांधणं, मंत्र, पाला, यात वेळ घालवू नका. या चारही सापांवर चालणारं एकच प्रतिसर्पविष असतं आणि ते कुत्र्यांनाही देतात, पण प्रत्येक दवाखान्यात ते असतंच असं नाही. जायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारायचं. मी दर वेळी विचारते. दोन मिनिटं लागतात.

पाणी किती न्यावं? गडावर टाकी असतात ना?

ठकीसाठी दीड लिटर, माझं वेगळं. तापलेल्या दिवशी आणखी अर्धा. दर वीस मिनिटांनी थोडं थोडं, एकदम पोटभर नाही.

टाक्यांबद्दल मला पोटतिडकीने सांगायचं आहे. गडावरचं टाकं हे वाडीचं आणि गुराख्यांचं पिण्याचं पाणी असतं. फाल्गुनात ते तळाला गेलेलं असतं आणि पावसाला तीन महिने असतात. त्यात कुत्र्याला उतरवून फोटो काढणारे लोक मी पाहिले आहेत. असं कधीही करू नका. पाणी हवं तर भांड्याने काढून बाजूला घेऊन पाजा, तेही स्वच्छ असेल तर. हिरवा तवंग आलेलं साचलेलं पाणी पाजूच नका, काही शेवाळं विषारी असतात. कुत्र्याची शी पिशवीत घालून खाली आणा. पाण्याच्या वरच्या अंगाला तर ती राहताच कामा नये.

पायात बूट घालावेत का?

मी घालत नाही. जांभ्याचा सडा तापला आहे का, हे पाहायला हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवा. टेकवत नसेल तर कुत्र्यालाही चालवत नाही, आणि बूट घालून त्या वेळी पुढे जायचं म्हणजे उन्हाचा मूळ धोका तसाच. जांभा खडबडीत असतो. नुसत्या गुळगुळीत फरशीवर वावरलेल्या कुत्र्याचे तळवे एका सकाळीत सोलतात. महिनाभर आधीपासून रोज खडीच्या रस्त्यावर फिरवा.

याच दिवसांत भाजावळ असते, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन पालापाचोळा टाकून भाजतात, डोंगरउताराला वणवेही लागतात. काळ्या पडलेल्या जमिनीवरून नेऊ नका. वरून राख दिसते, खाली निखारा असतो. दूर कुठे धूर दिसला आणि वारा आपल्याकडे असला तर सरळ खाली उतरा.

सारखं डोकं झटकतो, पाय चाटतो. काय झालं असेल?

कुसळ. पावसानंतरचं गवत फेब्रुवारीपर्यंत वाळून त्याची कुसळं सुटतात. टोक बाणासारखं, मागे पीळ दिलेला दोरा. ओल लागली की पीळ उलगडतो आणि कुसळ स्वतःहून आत शिरत जातं. बोटांच्या बेचक्यात, कानात, डोळ्याच्या कोपऱ्यात. बाहेर दिसत असेल तर चिमट्याने काढा. कानात गेलं असेल तर काडी घालू नका, डॉक्टरांकडे न्या. लांब कानांच्या, झुबकेदार केसांच्या कुत्र्यांचे पंजे आणि कान यांवरचे केस निघण्याआधी कापून घ्या.

अंग पिसाळल्यासारखं जमिनीवर घासत असेल तर खाजकुयली. वाटेवर वेलीला मखमली तपकिरी शेंगा लोंबताना दिसल्या तर लांबूनच वळा. लागलीच तर चोळू नका. चिकटपट्टी लावून उपटून लूस काढायची, मग भरपूर पाण्याने धुवायचं. तुमच्या हातात मोजे हवेत.

गोचिडांचा त्रास? माकडतापाबद्दल ऐकलं आहे.

गोचीड याच मोसमात सगळ्यात जास्त. त्यांच्यापासून कुत्र्याला एर्लिकिया, बाबेसिया हे ताप येतात. दहा-बारा दिवसांनी जेवण सोडलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या, लघवी गडद झाली तर रक्त तपासून घ्या. जायच्या आधी डॉक्टरांनी सांगितलेलं गोचीडनाशक वेळेवर दिलेलं असू दे.

माकडताप म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. सिंधुदुर्गात दोडामार्ग, सावंतवाडीच्या बाजूला गेल्या दशकात त्याचे रुग्ण सापडले आहेत. तो गोचिडांमधून माणसाला होतो आणि डिसेंबर ते मे हाच त्याचा काळ. आपल्या कुत्र्याच्या अंगावरून रानातली गोचीड घरात येऊ शकते. त्या भागातल्या रानात या दिवसांत मी ठकीला नेत नाही. मेलेलं माकड दिसलं तर कुत्र्याला जवळ जाऊ देऊ नका आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा.

वाडीतली कुत्री अंगावर आली तर?

वाडी त्यांची आहे. आपण पाहुणे. लांबूनच हाक द्यायची, "आहे का कोण घरात? कुत्रं आहे सोबत." कुणीतरी बाहेर येतं आणि आपल्या कुत्र्यांना आवरतं. धनगरवाड्यावर हे फार गरजेचं, तिथली कुत्री राखणीचीच असतात. दगड उचलू नका, पळू नका, आपल्या कुत्र्याला कडेला घेऊन न थांबता पुढे चला. चावाचावी झालीच तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजची लस दरवर्षी दिलेली असली तरी डॉक्टरांना गाठा. तुम्हाला ओरखडा आला असेल तर तुम्हीही त्याच दिवशी दवाखान्यात जा.

खायला काय द्यावं?

निघण्याआधी दोन-तीन तास हलकं, वर गेल्यावर भाकरीचा तुकडा, उकडलेलं अंडं, काकडी. आपल्या डब्यातलं देऊ नका, त्यात कांदा-लसूण असतो. मनुका, चॉकलेट, कोंबडीची शिजलेली हाडं नकोत.

शिमग्याच्या दिवसांत गेलं तर?

मी जात नाही. पालख्या बाहेर पडलेल्या असतात, वाडीवाडीत ढोल, रात्री फटाके. कुत्रा बिथरतो, आणि गावकऱ्यांच्या वर्षाच्या सणात आपल्यामुळे कुणाला अडचण नको. देवळात आणि देवराईत कुत्र्याला नेऊ नये. बाहेर सावलीत एकाने थांबायचं, दुसऱ्याने दर्शन घ्यायचं.

गाडी नाही. कसं न्यायचं?

रेल्वेत फर्स्ट क्लासचा पूर्ण कूपे घेतला तर सोबत नेता येतं, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पिंजऱ्यातून. उन्हाळ्यात पिंजरा नको. दोन-तीन कुटुंबांनी मिळून गाडी ठरवणं सगळ्यात बरं, आणि परतल्यावर कुत्र्याला बंद गाडीत पाच मिनिटंसुद्धा ठेवायचं नाही.

कुठल्या कुत्र्याला नेऊच नये?

पग, बुलडॉग, शिह त्झू अशा बसक्या नाकाच्यांना. त्यांना धापा टाकूनही अंग निववता येत नाही. लठ्ठ, गाभण, हृदयविकार असलेल्यांना. एक वर्षाखालच्या पिल्लांना, आणि लॅब्राडॉर, जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातींना तर दीड वर्षापर्यंत, कारण हाडांची टोकं तोवर पक्की झालेली नसतात. हस्की, सेंट बर्नार्ड कोकणात आणले आहेत तुम्ही, तर त्यांना निदान डोंगर दाखवू नका.

कुत्रा म्हातारा झाल्यावर बंद करायचं का?

ठकी आता नऊ वर्षांची आहे. पायऱ्या उतरताना पुढचे पाय आधी चाचपून टाकते. डॉक्टर म्हणाले, चालवा, पण सपाटीवर आणि थोडं. या फेब्रुवारीत आम्ही रसाळगडाच्या पहिल्या दरवाजापर्यंत गेलो. पुढे जायला ती तयार होती, पट्टा ताणून वर बघत होती. मी तिथेच सावलीला चटई पसरली. पाऊण तास ती उंबऱ्याशी नाक वाऱ्याला लावून बसली होती. पावणेनऊला आम्ही उतरायला लागलो, आणि वाडीत आल्यावर त्या आजींच्या पडवीत ती न सांगता जाऊन आडवी झाली.